झाकण चारशेचे, बिल साडेसात हजारांचे

घरामागच्या अंगणातले सेप्टिक टाकीचे झाकण फुटले आहे. दोन फूट लांब, दोन फूट रुंद, तीन इंच जाड अशी सिमेंटची साधी लादी. तीन जणांना दर विचारला. पहिला गवंडी म्हणाला, "बाराशेत करून देतो." दुसऱ्याने साडेतीन हजार सांगितले. तिसऱ्याने टाकीभोवती फेरी मारली, तोंडाचा काठ हातोडीने ठोकून पाहिला, शेवटचा उपसा कधी झाला ते विचारले आणि साडेसात हजारांचा आकडा लिहून दिला. टाकी तीच, तोंड तेवढेच, मग दरात सहापटीचा फरक कसा पडतो?

जिथे भुयारी गटार पोहोचलेले नाही अशा गावांत, उपनगरांत आणि नव्या वसाहतींत हा प्रश्न घरोघरी येतो. बहुतेक घरमालक पहिल्याला काम देतात आणि तिसरा लुबाडतो आहे असे समजतात. हा समज का चुकीचा आहे, हे कळायला झाकण काय काम करते आणि ते कशाने मरते, हे समजून घ्यावे लागते.

आधी मालाचा हिशोब करू. दोन फूट गुणिले दोन फूट गुणिले पाव फूट, म्हणजे बरोबर एक घनफूट काँक्रीट. त्याचे वजन सळईसकट साधारण ७० किलो. त्यात सिमेंट अकरा-बारा किलो, म्हणजे गोणीचा पाव हिस्सासुद्धा नाही. आठ मिलिमीटरची सळई सव्वादोन किलोच्या आसपास. बाकी खडी आणि वाळू. सिमेंटची गोणी साडेतीनशे-चारशेला आणि सळई साठ रुपये किलोने धरली, तर सगळा माल साडेतीनशे ते चारशे रुपयांत बसतो. म्हणजे बिलातला मोठा भाग झाकणाच्या मालाचा नसतोच.

टाकीत काय चालते

सेप्टिक टाकी म्हणजे मैला साठवायची नुसती कोठी नव्हे. संडासातून आलेले पाणी तिथे एक-दोन दिवस संथ राहते. जड भाग तळाशी बसतो, त्याला गाळ म्हणू. तेलकट, हलका भाग वर तरंगतो, त्याची साय धरते. मधले तुलनेने निवळ पाणी पुढच्या कप्प्यातून शोषखड्ड्यात जाते आणि जमिनीत जिरते. तळाच्या गाळावर असे जिवाणू काम करतात ज्यांना प्राणवायू लागत नाही. ते मैला कुजवतात, त्याचे आकारमान घटवतात आणि त्या खटाटोपात वायू सोडतात.

त्यातले दोन वायू आपल्या विषयाच्या मुळाशी आहेत. एक मिथेन. त्याला वास नाही, तो हवेहून हलका आहे आणि हवेत त्याचे प्रमाण ५ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान असेल तर ठिणगी पुरते. दुसरा हायड्रोजन सल्फाइड, ज्याला सडक्या अंड्याचा वास येतो. तो हवेहून थोडा जड आणि अत्यंत विषारी आहे. हे वायू बाहेर जावेत म्हणून टाकीला उंच व्हेंट पाइप देतात. भारतीय मानक आयएस २४७० प्रमाणे तो किमान ५० मिलिमीटर व्यासाचा हवा. वायू बाहेर सोडायचे काम पाइपाचे आहे, झाकणाचे नाही. झाकण घट्टच बसायला हवे. "थोडी फट ठेवा, गॅस निघून जाईल" असा सल्ला सर्रास दिला जातो. तो चुकीचा आहे, कारण त्या फटीतून वायू कमी जातो आणि पाणी व डास जास्त येतात.

झाकण खालून कुजते

झाकण फुटले की आपण वरच्या कारणाचा शोध घेतो. कोणी गाडी चढवली असेल, पोरे नाचली असतील, पहार लागली असेल. शेवटचा घाव वरून बसलेला असतो हे खरे, पण झाकण त्याआधी कित्येक वर्षे खालच्या बाजूने मरत असते.

टाकीच्या पाण्यातून निघालेला हायड्रोजन सल्फाइड वर येतो. टाकीतली हवा दमट असल्याने झाकणाच्या खालच्या अंगाला सतत पाण्याचे बारीक थेंब धरलेले असतात. वायू त्या ओलीत विरघळतो. ताजे काँक्रीट तीव्र क्षारधर्मी असते आणि त्यावर जिवाणू जगत नाहीत. पण हा वायू आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड त्या पृष्ठभागाचा क्षार हळूहळू मारत जातात. क्षार पुरेसा उतरला की तिथे दुसऱ्या जातीचे जिवाणू वस्ती करतात, त्यांना थायोबॅसिलस म्हणतात. त्यांना प्राणवायू लागतो, तो झाकणाखालच्या पोकळीत मिळतो. ते विरघळलेला वायू खातात आणि त्याचे सल्फ्युरिक आम्ल करतात. बॅटरीत असते तेच आम्ल झाकणाच्या पोटाला थेंबाथेंबाने तयार होत राहते.

आम्लाने सिमेंटचे जिप्सम होते. टणक काँक्रीटच्या जागी नखाने खरवडता येईल असा पांढरा, मऊ थर उरतो. तो गळून पडतो, खालचा नवा थर उघडा होतो आणि तेच चक्र पुढे चालू राहते. एक दिवस ही झीज सळईपर्यंत पोहोचते. सळई गंजते. गंजलेले लोखंड मूळच्या लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेते, त्यामुळे सळईच्या भोवतीचे काँक्रीट आतून फाकते आणि त्याचे पापुद्रे सुटतात. वाळवी लागलेल्या चौकटीचा रंग शेवटपर्यंत शाबूत असतो, तसेच या झाकणाचे होते. वरून गुळगुळीत सिमेंट, त्यावर तुळशीची कुंडी, आणि आत तीनपैकी जेमतेम दीड इंच काँक्रीट शिल्लक.

ज्या टाकीचा व्हेंट पाइप तुटला आहे, तुंबला आहे किंवा मुळात बसवलेलाच नाही, तिथे वायू कोंडतो आणि झाकण लवकर जाते. म्हणून झाकण बदलताना व्हेंट पाइप न बघणारा कारागीर अर्धेच काम करतो. कोणतेही नेहमीचे सिमेंट वापरले तरी आम्लापुढे ते फार काळ टिकत नाही. त्यावर उपाय म्हणजे खालच्या बाजूला इपॉक्सीचा किंवा डांबरी लेप. तीन-चारशे रुपयांच्या या लेपाइतका उपयोगी पडणारा दुसरा खर्च या सगळ्या कामात नाही, असे माझे ठाम मत आहे, आणि नेमका हाच खर्च लोक सर्वांत आधी कापतात.

सळई कोणत्या अंगाला?

झाकणावर माणूस उभा राहिला की ते डोळ्यांना दिसणार नाही इतके खाली वाकते. वाकताना त्याची वरची बाजू दाबली जाते आणि खालची ताणली जाते. काँक्रीट दाब उत्तम सोसते, ताण जवळजवळ सोसत नाही. ताण सोसायला सळई घालतात. म्हणून सळईची जाळी झाकणाच्या खालच्या अंगाजवळ हवी, पण अगदी टोकाला नको. तिच्याखाली किमान २० ते २५ मिलिमीटर काँक्रीट असले तर आम्ल आणि ओल तिच्यापर्यंत उशिरा पोहोचतात.

अंगणात जागेवर ओतलेल्या झाकणांत इथेच घोटाळा होतो. गवंडी जमिनीवर कागद पसरतो, त्यावर जाळी ठेवतो आणि वरून माल ओततो. जाळी तळाला चिकटते आणि तिच्याखाली काँक्रीट राहतच नाही. त्याहून वाईट म्हणजे, काही वर्षांनी उपशासाठी झाकण काढतात आणि परत बसवताना ते उलटे बसते. सळई वर, नुसते काँक्रीट खाली. असे झाकण माणसाच्या वजनानेही मोडू शकते. कड्या वर येतील अशाच बाजूने ओतलेले झाकण उलटे बसत नाही, एवढ्यासाठी तरी कड्या हव्यात. त्या गंजणाऱ्या सळईच्या नसाव्यात.

मराठवाड्यात आणि सोलापूरकडे अनेक टाक्यांवर शहाबादी फरशी टाकलेली दिसते, इतरत्र कडप्पा. हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. पण दगडात सळई नसते. काँक्रीटचे झाकण मोडण्याआधी बहुधा तडे दाखवते, गंजाचे डाग दाखवते. फरशी कोणतीही पूर्वसूचना न देता एकदम दुभंगते. शिवाय शहाबादी आणि कडप्पा हे दोन्ही चुनखडीचे दगड आहेत, आणि चुनखडी आम्लात विरघळते. बाराशे रुपये सांगणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा हीच फरशी असते, चार बाजूंनी सिमेंट फासलेली.

वजन कोणाचे पेलायचे?

किंमत ठरवणारी सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे झाकणावरून काय जाणार आहे. तयार काँक्रीट झाकणांसाठी आयएस १२५९२ हे भारतीय मानक आहे. त्यात चार वर्ग आहेत: एलडी-२.५, एमडी-१०, एचडी-२० आणि ईएचडी-३५. अक्षरे हलके, मध्यम, जड आणि अतिजड असे सांगतात, आकडा चाचणीच्या वेळी झाकणाने किती टन भार सोसायचा ते सांगतो. हे वर्ग झाकणावर कोरलेले असतात. दुकानात उभे राहून ते वाचा.

ज्या अंगणात फक्त माणसे चालतात तिथे एलडी-२.५ पुरते. मोटार उभी राहत असेल तर एमडी-१० घ्यावे. बाराशे किलोच्या मोटारीच्या एका चाकावर तीनशे किलोच्या आसपासच वजन येते, मग दहा टन कशाला, असे वाटेल. पण चालत्या चाकाचा धक्का, कडेवर आलेले वजन आणि वर सांगितलेली वर्षानुवर्षांची झीज, या सगळ्यांसाठी ती राखीव ताकद लागते.

खरा धोका सोसायट्यांमध्ये आहे. टाकी बांधताना ती मोकळ्या जागेत होती, पुढे तिथे पार्किंग झाले आणि मग उन्हाळ्यात पाण्याचा टँकर येऊ लागला. दहा हजार लिटर पाणी म्हणजे नुसत्या पाण्याचेच दहा टन, त्यात गाडीचे वजन वेगळे. अशा ठिकाणी एचडी-२० हवे, आणि झाकणाइतकाच टाकीचा स्लॅबही तपासायला हवा, कारण वीस टन पेलणारे झाकण पाच टन पेलणाऱ्या स्लॅबवर ठेवून काही साधत नाही. तो स्लॅब आत्ता किती पेलतो, हे गवंड्याने नव्हे, स्ट्रक्चरल इंजिनीयरने सांगायचे आहे.

काँक्रीट, बीड की फायबर?

दोन फुटी चौकोनी तोंडासाठी बाजारात मुख्यतः तीन पर्याय आहेत. पोलादी तंतू मिसळलेले तयार काँक्रीट झाकण चौकटीसह साधारण दीड ते अडीच हजारांत मिळते, जड वर्गाचे त्याहून महाग. ते कारखान्यात साच्यात ओतलेले, दाबलेले आणि पुरेसे दिवस पाण्यात मुरवलेले असते, म्हणून अंगणात ओतलेल्या झाकणापेक्षा भरवशाचे.

बीडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे झाकण किलोवर विकले जाते. साठ-सत्तर किलोचा जोड पाच-सहा हजारांच्या पुढेच जातो. ते टिकते, पण भंगारात चांगला भाव असल्याने चोरीला जाते. रात्रीत झाकण गेले आणि सकाळी अंधारात कोणी त्या भोकात पाय टाकला, असे होऊ नये म्हणून रस्त्यालगतच्या टाकीला बीडाचे झाकण मी कधीच सुचवणार नाही.

फायबरचे, म्हणजे काचेच्या तंतूंनी मजबूत केलेल्या प्लास्टिकचे झाकण वर्गाप्रमाणे दोन ते सहा हजारांपर्यंत जाते. त्याला आम्ल खात नाही, गंज चढत नाही, भंगारात किंमत नाही आणि वजन पंधरा-वीस किलो. टाकीच्या वायूचा विचार केला तर हाच सर्वांत शहाणपणाचा पर्याय आहे. पण हलकेपणा हाच त्याचा दोषही आहे. सत्तर किलोचे झाकण पोराला हलत नाही, पंधरा किलोचे हलते. म्हणून फायबरचे झाकण घेतले तर त्याला स्टेनलेस स्टीलचे बोल्ट किंवा कुलूप हवेच हवे.

चौकट: साडेसात हजारांचा हिशोब

(एका मध्यम आकाराच्या शहरातले, दोन फुटी तोंडाचे, मोटार उभी राहणाऱ्या जागेचे काम धरून)

तयार काँक्रीट झाकण आणि चौकट, एमडी-१०: २,२०० रुपये
गवंडी आणि बिगारी, एक दिवस: १,७०० रुपये
काठ दुरुस्तीचे सिमेंट, सळई, रसायन: ६०० रुपये
टेम्पो आणि हमाली: ६०० रुपये
मैला टँकरची एक खेप: २,००० रुपये
खालचा लेप आणि कडेचे सील: ४०० रुपये
एकूण: ७,५०० रुपये

साडेतीन हजार सांगणारा पहिली ओळ आणि अर्ध्या दिवसाची मजुरी धरतो. काठ, टँकर आणि लेप त्याच्या हिशोबात नाहीत. मुंबई-पुण्यात मजुरी आणि टँकर दोन्ही महाग पडतात, छोट्या गावात मजुरी कमी पण टेम्पोचे भाडे जास्त.

काठ गेला तर झाकण कशावर टेकणार?

जे आम्ल झाकणाला खाते ते तोंडाच्या काठालाही खाते. त्यात पहारीचे घाव बसतात, कारण कड्या गंजून तुटलेल्या असतात आणि झाकण उचलायला दुसरा मार्ग उरत नाही. काठ ढासळला की नवे झाकण एका बाजूला जेमतेम अर्धा इंच टेकते. ते डुगडुगते, आणि डुगडुगणारे झाकण टेकलेल्या कोपऱ्यातून मोडते. म्हणून जुना सैल भाग काढून, सळई साफ करून, काठ नव्याने भरून त्यात चौकट समपातळीत बसवणे हे या कामातले कौशल्याचे काम आहे. एका दिवसाच्या मजुरीतला बहुतेक वेळ इथेच जातो.

चौकोनी झाकणाची एक अडचण इथे सांगायला हवी. दोन फुटी चौकोनाचा कर्ण दोन फूट दहा इंच असतो. झाकण उभे करून तिरके धरले तर ते स्वतःच्याच तोंडातून सरळ आत पडते. गोल झाकण कसेही फिरवले तरी पडत नाही, कारण त्याची रुंदी सगळीकडे सारखी असते. तोंड नव्याने करायची वेळ आली असेल तर गोलच करून घ्यावे. मानकाप्रमाणे गोल तोंड किमान ५०० मिलिमीटर व्यासाचे चालते.

नवे काँक्रीट मुरायला वेळ लागतो. साध्या सिमेंटला किमान सात दिवस, राख मिसळलेल्या पीपीसीला किमान दहा दिवस पाणी मारावे लागते, आणि पूर्ण ताकद अठ्ठावीस दिवसांनी धरतात. तोवर मोटार बाहेर उभी करावी. काम चालू असताना तोंड एक मिनिटही उघडे सोडू नये. जाड लोखंडी पत्रा, त्यावर वजन, भोवती दोरी. "आत्ता चहा पिऊन येतो" या पंधरा मिनिटांत घरातले लहान मूल तिथे पोहोचू शकते.

तुकडा आत पडला तर

आता टँकरच्या त्या दोन हजारांकडे येऊ. झाकण बदलायचे तर मैला का उपसायचा, असे विचारून हीच ओळ सर्वाधिक वेळा खोडली जाते.

मोडलेले झाकण उचलताना त्याचा तुकडा टाकीत पडणे अगदी शक्य असते. मग मालक सहज म्हणतो, "काढून घे रे तेवढा." बिगारी शर्ट काढतो आणि उतरतो. हायड्रोजन सल्फाइडचा वास थोड्या प्रमाणात असेल तोवरच येतो. प्रमाण वाढले की तो वासाची जाणीवच बधिर करतो, आणि माणसाला वाटते की वायू गेला. हवेच्या हजार भागांत एक भाग एवढा वायू असेल तर एक-दोन श्वासांत माणूस कोसळतो. संथ मैल्यात हा वायू विरघळून राहिलेला असतो. कोणी आत पाय टाकून गाळ ढवळला की तो एकदम सुटतो. म्हणजे वरून काडी पेटवून बघणे किंवा तासभर झाकण उघडे ठेवणे याला काहीही अर्थ नाही. काडीने तर मिथेन पेटेल. पहिला कोसळला की दुसरा त्याला वाचवायला उतरतो, मग तिसरा. एकाच टाकीत दोन-तीन जण गेल्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो, त्या अशा घडतात.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. हाताने मैला साफ करण्याच्या कामावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याच्या सातव्या कलमाने कोणाही व्यक्तीला, स्थानिक संस्थेला किंवा कंत्राटदाराला सेप्टिक टाकीच्या धोकादायक सफाईसाठी माणूस लावायला मनाई केली आहे. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ही बंदी घरमालकालाही लागू आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अशा मृत्यूंसाठी दहा लाख रुपये भरपाई ठरवली होती. २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालात त्याने ती तीस लाखांवर नेली. तुकडा काढणे म्हणजे सफाई नव्हे, असे कोणी म्हणेल, पण टाकीतला वायू असा भेद करत नाही.

मग तुकड्याचे काय करायचे? टाकी आधी टँकरने उपसून घेतली असेल तर तो दिसतो, आणि वरूनच लांब दांड्याच्या आकड्याने किंवा दोराला बांधलेल्या गळाने काढता येतो. नाही निघाला तर पडू द्यावा. येणाऱ्या किंवा जाणाऱ्या पाइपाच्या तोंडाशी अडकला नसेल तर काँक्रीटचा तुकडा तळाशी पडून टाकीचे काही बिघडवत नाही. आणि मुळात तो पडूच नये अशी पद्धत आहे. झाकणावर हातोडा मारायचा नाही. आधी त्याला साखळीने बांधून तिकाटण्याला टांगायचे, मग कडेचे सिमेंट कटरने कापायचे आणि पूर्ण झाकण एकसंध वर घ्यायचे. याला दोन तास जास्त लागतात. तिसऱ्या माणसाने ते दोन तास दरात धरलेले असतात.

फुटके तसेच ठेवले तर

"पावसाळ्यानंतर बघू" असे म्हणणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. झाकणाच्या फटीतून पावसाचे पाणी टाकीत शिरले की एक-दोन दिवस संथ राहायचे पाणी काही तासांत बाहेर ढकलले जाते. गाळ बसायला वेळच मिळत नाही, तो ढवळून शोषखड्ड्यात जातो. शोषखड्ड्याच्या मातीची छिद्रे एकदा मैल्याने बुजली की पाणी जिरत नाही, संडास तुंबतो, आणि नवा शोषखड्डा खणावा लागतो. तो खर्च सहज पंचवीस-तीस हजारांच्या पुढे जातो. कोकणातल्या पावसात हे एका मोसमात होते.

दुसरे डास. घाण पाण्यात वाढणारा क्यूलेक्स डास हत्तीरोग पसरवतो, आणि विदर्भातल्या गडचिरोली, चंद्रपूरसारख्या जिल्ह्यांना हत्तीरोगाचे दुखणे जुने आहे. फुटके झाकण आणि जाळी नसलेला व्हेंट पाइप ही त्याची दोन दारे. पाइपाला नायलॉनची जाळी बांधायला वीस-पंचवीस रुपये लागतात.

मुंबईत २९ ऑगस्ट २०१७ च्या अतिवृष्टीत प्रसिद्ध पोटविकारतज्ज्ञ डॉ. दीपक अमरापूरकर उघड्या मॅनहोलमध्ये पडून गेले. पुढे मुंबई महापालिकेने मॅनहोलच्या झाकणांखाली संरक्षक जाळ्या बसवल्या. ती सेप्टिक टाकी नव्हती, पण त्यातला उपाय आपल्या अंगणातही करता येतो. झाकणाच्या खाली, तोंडाच्या आतच, स्टेनलेस स्टीलची किंवा फायबरची उचलता येणारी जाळी. हजार-दीड हजारांचे काम. झाकण मोडले तरी माणूस जाळीवर अडकतो. ज्या घरात लहान मुले किंवा म्हातारी माणसे आहेत तिथे ही जाळी चैन समजू नये.

तपासायचे कधी?

टाकी दर दोन-तीन वर्षांनी उपसून घ्यावी. सातारा जिल्ह्यातले वाई आणि नाशिक जिल्ह्यातले सिन्नर या नगरपरिषदांनी २०१८ पासून प्रभागवार वेळापत्रक लावून घरोघरच्या टाक्या तीन वर्षांच्या फेरीने उपसायला सुरुवात केली. तक्रारीची वाट न बघता टँकर दारात येतो. अशा फेरीचा एक फायदा फारसा बोलला जात नाही: प्रत्येक झाकण ठरावीक काळाने उघडले जाते, म्हणजे त्याचे पोट दिसते. ज्यांनी टाकीवर टाइल्स लावून झाकण गाडून टाकले आहे त्यांना मात्र प्रत्येक उपशाला फरशी फोडावी लागते. अंगणाची शोभा जपायची तर वर टाइल बसवता येईल अशी खोलगट झाकणे मिळतात, ती घ्यावीत.

एरवीही काही खुणा वरून कळतात. झाकणावर सरळ रेषेत तांबूस डाग उमटले असतील तर आतली सळई गंजली आहे. हातोडीने ठोकल्यावर खणखणीत आवाजाऐवजी बद्द आवाज आला तर थर सुटले आहेत. अशा झाकणावर वरून सिमेंटचा नवा थर फासून घेऊ नका. त्याने ताकद वाढत नाही, कमकुवत झाकणावरचे वजन तेवढे वाढते.

पुढच्या वेळी मैला टँकर येईल तेव्हा झाकण उलटे करून त्याची खालची बाजू स्वतः पाहा, त्याचा फोटो काढून ठेवा, आणि पावसाळ्याआधी दर मागवा. दर मागताना काठ, लेप, टँकर आणि झाकणाचा वर्ग हे चारही लिहून घ्या. टाकी-गटाराच्या सफाईसाठी १४४२० हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे, तो भिंतीवर लिहून ठेवा. आणि तुमच्या अंगणात कोणी टाकीत उतरू लागला, मग तो स्वतःच्या मर्जीने का असेना, तर त्याला हात धरून थांबवा.